दशकस्थानी चार, पण दशक किती?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र पोचलं. मुलं स्थानिक किंमत बरोबर सांगतात, विस्तारित रूपही चुकत नाहीत, पण हातच्याच्या वजाबाकीत गडबडतात, असं तू लिहिलंस. उद्या वर्गात एकच प्रश्न विचार: 347 मध्ये एकूण दशक किती? बहुतेक जण चार म्हणतील. कुणी चौतीस म्हणालं (तीन शतकांचे तीस आणि हे चार) तर लगेच शाबासकी नको, कसं काढलं ते इतरांना दाखवायला सांग.

अंकाचं घर ओळखता आलं म्हणजे घराघरांतलं नातं कळलं असं नाही. एकक, दशक, शतकाचे रकाने आखून अंक भरण्याने पहिलं पक्कं होतं, दुसरं तसंच राहतं. 402 वजा 158 घे. दशकात शून्य, म्हणून शतकाकडे जा, तिथून एक आण, शून्याचे दहा कर, मग नऊ कर... ही सगळी पाठ केलेली कसरत. ज्याला 402 मध्ये 40 दशक आणि 2 सुटे दिसतात, ते मूल एकच दशक सोडतं. झाले 39 दशक, 12 सुटे. त्यातून 15 दशक आणि 8 गेले की उरले 244.

हे दिसायला काड्याच हव्यात, आणि दहा-दहाचे गठ्ठे मुलांनी स्वतः बांधायला हवेत. आयते गठ्ठे वाटलेस तर निम्मं शिकणं गेलं. बांधण्याइतकंच सोडणंही करून घे. ते आपण वेळ नाही म्हणून हमखास गाळतो. रंगीत चकत्यांची घाई नको. लाल चकती निळीच्या दहापट हे मानून घ्यावं लागतं, गठ्ठा मात्र दहापट असतोच. मग 236 निरनिराळ्या तऱ्हांनी मांडू दे: 23 दशक 6 सुटे, 1 शतक 13 दशक 6 सुटे, 22 दशक 16 सुटे. प्रत्येक वेळी विचार, "अजून 236च आहेत ना?" काही जण पुन्हा पहिल्यापासून मोजतील. मोजू दे.

त्रेपन्न ऐकून 35 लिहिणाऱ्याला मात्र लगेच कच्चं ठरवू नकोस. आपल्या संख्यानावात तीन आधी ऐकू येतात, त्याला तो काय करणार! त्याला काड्या मांडायला सांग. पाच गठ्ठे, तीन सुट्या आल्या तर अडचण फक्त लिहिण्यात आहे.

हे झालं की 444 घे. मधला 4 उजवीकडच्याच्या दहापट आणि डावीकडच्याचा दहावा भाग, असं दोन्हीकडून बोलून घे. "दहाने गुणताना शून्य लावा" हे मात्र शिकवू नकोस. पुढे 2.5 गुणिले 10 आलं की हीच मुलं 2.50 लिहितात.

सोळा काड्या मांडून, 16 मधला 1 कोणत्या काड्या दाखवतो, हेही एकेकाला वेगळं बोलावून विचार. कितीजण दहाऐवजी एकच काडी उचलतात ते बघ, आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

कळावे, शुभाशीर्वाद.