बॉस्टनची पोस्टडॉक की हैदराबादची नोकरी: खरा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा

आपण कळवले आहे की, पुण्यातून रासायनिक जीवशास्त्रात पीएच.डी. पूर्ण झाली असून आपले वय ३१ आहे. यकृतातील मेद आणि एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या रेणूंवर काम करण्यासाठी बॉस्टनच्या एका विद्यापीठाने वार्षिक ६२,२३२ डॉलरची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधन-नोकरी, देऊ केली आहे, तर हैदराबादच्या एका औषध कंपनीने १६ लाखांची नोकरी. तळेगावच्या फ्लॅटचा दरमहा ३१,००० रुपयांचा हप्ता चालू आहे आणि पत्नी पुण्यातील नोकरी सोडणार नाही. जावे का, आणि जायचे तर फ्लॅट विकावा का, असे आपण विचारता.

माझे मत जावे असे आहे, मात्र दोन वर्षांसाठीच. फ्लॅट विकू नये.

दोन वर्षांचा आग्रह कराच्या हिशेबातून येतो. भारत-अमेरिका करविषयक कराराच्या २२व्या कलमानुसार, भारतातून संशोधनासाठी गेलेल्या व्यक्तीच्या पगारावर पहिली दोन वर्षे अमेरिकेचा फेडरल (केंद्रीय) आयकर लागत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या पगार विभागाकडे ८२३३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. आपल्या पगारावर ही सवलत वर्षाला ढोबळमानाने साडेआठ हजार डॉलरची होते. परंतु मुक्काम दोन वर्षांपलीकडे गेला की सवलत पुढे थांबते एवढेच नव्हे, तर मागील दोन्ही वर्षांचीही जाते आणि सुमारे सतरा हजार डॉलर एकदम भरावे लागू शकतात. पोस्टडॉक म्हटले की ‘पेपर निघेपर्यंत आणखी सहा महिने’ हे आलेच, आणि हे सहा महिने आपल्याला फार महाग पडतील.

म्हणून पहिल्या पगारापासून दरमहा ७०० डॉलर वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत आणि ते आपले नाहीतच असे समजावे. दोन वर्षांनी परतलात तर ती तुमची पुंजी. थांबावे लागले तर कराची तरतूद. हे ७०० डॉलर आणि इतरांसोबत भाडे वाटून घेतलेल्या घरात राहून होणारा सुमारे २,९०० डॉलरचा खर्च, राज्याचा कर त्यातच धरून, वजा केला तरी ५,१८६ डॉलरच्या मासिक पगारातून पंधराशेच्या आसपास उरतात. तळेगावचा हप्ता त्यातील साडेतीनशेच्या घरात बसतो.

आणखी एक अट औषधशोधाच्या क्षेत्रात विशेष लागू पडते. संशोधन सार्वजनिक हिताचे असावे, मुख्यतः एखाद्या खासगी पक्षाच्या फायद्याचे नसावे, असे तेच कलम सांगते. आपला प्रकल्प एखाद्या औषध कंपनीच्या पैशावर चालणार असेल, तर सवलतीवर प्रश्न उभा राहू शकतो.

हैदराबादची नोकरी कमी लेखू नये. चयापचय-विकारांवरील औषधांत आपल्याकडेही अस्सल शोध झाला आहे. झायडस या भारतीय कंपनीच्या सारोग्लिटाझार या, मधुमेहींच्या रक्तातील मेद कमी करणाऱ्या औषधाला २०१३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. मात्र ती नोकरी नव्या रेणूच्या शोधाची आहे की पेटंट संपलेल्या औषधाची प्रक्रिया बसवण्याची, हे पदनामावरून कळत नाही. दुसरा प्रकार असेल तर दोन वर्षांनी परतल्यावरही तो मिळेल. पहिला असेल, तर माझे पारडे हैदराबादकडे झुकेल. पुण्यातच रिसर्च असोसिएट (सरकारी अनुदानावरील संशोधक) म्हणून राहण्याचा पर्याय, २०२३ पासूनच्या दरमहा ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता या दराने, हप्त्याचा विचार करता मला पटत नाही.

निघण्यापूर्वी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्यावा. अनिवासी झाल्यावर बँकेला कळवून बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) करून घ्यावे. जुने पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही.

कंपनीला उत्तर देण्यास आपल्याकडे पंधरा दिवस आहेत. त्याआधी बॉस्टनच्या प्राध्यापकांना दोन गोष्टी ईमेलने विचाराव्यात: माझा पगार कोणत्या अनुदानातून येणार, आणि ते अनुदान कोणत्या तारखेला संपते.