इंग्लंडमधील नव्या वसाहतीतल्या घराचा पोटमाळा वाढवायला प्लॅनिंग परमिशन लागते का?

तुमचे सेमी-डिटॅच्ड (एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेले) घर २०१७ साली बांधलेल्या वसाहतीत आहे, मागच्या बाजूला डॉर्मर (छताच्या उतारातून बाहेर काढलेला खिडकीचा भाग) काढून पोटमाळ्यात झोपण्याची खोली करायची आहे आणि जवळच्या जुन्या रस्त्यावर लोकांनी अशी कामे अर्ज न करताच केली आहेत, तर तुम्हाला कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) बांधकाम-परवानगी, म्हणजे प्लॅनिंग परमिशन, का लागावी, असा तुमचा प्रश्न आहे. अशा कामांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे. नव्या घराच्या बाबतीत जुन्या रस्त्यावरची उदाहरणे पाहून निर्णय घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वसाधारण नियम खरोखरच उदार आहे. कोणती कामे अर्जाशिवाय करता येतात हे ठरवणाऱ्या २०१५ च्या सरकारी आदेशानुसार रांगेतल्या घराच्या छतात ४० घनमीटर आणि सेमी-डिटॅच्ड किंवा स्वतंत्र घराच्या छतात ५० घनमीटर वाढ ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणून, म्हणजे वेगळी प्लॅनिंग परमिशन न मागता, करता येते. पूर्वी छत वाढवले असेल, तर ती वाढही याच मापात मोजली जाते. डॉर्मर रस्त्याकडील दर्शनी उतारावर नसावा, आढ्यापेक्षा उंच जाऊ नये, सामान्यतः वळचणीपासून किमान २० सेंटिमीटर मागे असावा आणि त्याचे साहित्य मूळ घराशी मिळतेजुळते असावे, अशा अटी त्याला आहेत.

मात्र नव्या वसाहतीला परवानगी देताना कौन्सिल पुष्कळदा हा हक्कच काढून घेते. वसाहतीचे मूळ परवानगीपत्र कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बहुधा सापडते. त्यातील अटी शेवटपर्यंत वाचा. अट साधारण अशी असते की, आदेशात काहीही म्हटलेले असले तरी कौन्सिलच्या लेखी संमतीशिवाय छतात वाढ करू नये किंवा नव्या खिडक्या काढू नयेत. त्यात १९९५ च्या जुन्या आदेशाचा उल्लेख असला, तरी अट संपली असे समजू नका, कारण ‘किंवा त्याच्या जागी येणारा कोणताही आदेश’ असे शब्द बहुधा पुढे जोडलेले असतात.

अशी अट असणे म्हणजे नकार नव्हे. या वसाहतींत घरे दाटीने बांधलेली असतात, मागच्या बागा आखूड असतात आणि गाड्यांच्या जागा मोजून दिलेल्या असतात. म्हणून वरच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या खोलीत नजर जाते का आणि एक खोली वाढल्याने आणखी गाडी उभी करावी लागेल का, हे कौन्सिलला आधी पाहायचे असते. या दोन प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच दिली, तर अर्ज पुष्कळ सुकर होतो. घरमालकाच्या अर्जावर निर्णयाची मुदत ८ आठवडे असते आणि नकार आल्यास १२ आठवड्यांत अपील करता येते. अट नसेल, तरीही मी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ (काम नियमात बसते असा कौन्सिलचा दाखला) घ्यायला सांगते; घर विकताना खरेदीदाराचा वकील नेमका हाच कागद मागतो.

घराच्या हस्तांतरण दस्तातही पाहा. बांधकाम कंपनीच्या संमतीशिवाय बदल करू नयेत, असे बंधन त्यात असू शकते, आणि कौन्सिलने होकार दिला म्हणून ते सुटत नाही.

खर्चाचा खरा प्रश्न मात्र छताच्या आत असतो, आणि तो मला परमिशनपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जुन्या घरांत आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे गेलेले असतात आणि मधली जागा बऱ्यापैकी मोकळी असते. नव्या घरांत मात्र कारखान्यात तयार केलेल्या बारीक लाकडांच्या कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) असतात. माळ्यावर डोकावल्यास इंग्रजी डब्ल्यूसारख्या तिरप्या दांड्या दिसतील. त्यांतली एकही दांडी परस्पर कापू नका, कारण संपूर्ण छताचा भार त्या मिळून पेलतात. त्या काढण्याआधी पोलादी तुळया कोठे बसवायच्या, याची गणिते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागतात. इंजिनिअरच्या त्याच भेटीत आढ्याखालची उंचीही मोजून घ्या, कारण माळ्याची जमीन जाड केल्यावर आणि छताला उष्णतारोधक थर दिल्यावर ती बरीच कमी होते.

बिल्डिंग रेग्युलेशन्सची (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या व दर्जाच्या नियमांची) मंजुरी तर प्लॅनिंग परमिशन लागो वा न लागो, घ्यावीच लागते. दुमजली घर तिमजली झाले की जिन्यापासून बाहेरच्या दारापर्यंतची वाट आगीपासून सुरक्षित करावी लागते, म्हणजे खालच्या खोल्यांची दारेही बदलावी लागू शकतात. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात धरा. तुळई शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीत बसणार असेल, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार काम सुरू होण्याच्या किमान २ महिने आधी त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती अर्जाचा निर्णय येण्यापूर्वीही देता येते.