स्टेफची प्रेयसी दिसत का नाही?

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत होस्टेलवर आम्ही चौघींनी लॅपटॉपवर ‘ॲना अँड द अपोकॅलिप्स’ पाहिला. शाळकरी पोरं, नाताळ, झॉम्बी आणि वर गाणी! धमाल आली. पण त्यातली स्टेफ लेस्बियन आहे हे नुसतं बोलण्यातून कळतं. तिची प्रेयसी पडद्यावर येत नाही, तिला स्वतःचं गाणं नाही, बाकीच्यांची प्रेमप्रकरणं मात्र पोटभर. माझी मैत्रीण म्हणते, ‘आमच्यातही एक आहे बरं का’ एवढं दाखवण्यापुरतीच ती घेतलीय. मला तर स्टेफ फार आवडली. खरं कोणाचं? आणि हा सिनेमा आठवीतल्या भावाला दाखवू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मैत्रिणीची तक्रार रास्त आहे, आणि तरी मी तुझ्या बाजूची. शेवट फोडल्याशिवाय हे सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना सिनेमा पाहायचाय त्यांनी सरळ पान उलटावं.

आधी तक्रारीचं बघू. लिसाला शाळेच्या कार्यक्रमात सांताक्लॉजला उद्देशून ते चावट गाणं मिळतं. निकला झॉम्बी बडवता बडवता फुशारकी मारायला एक मिळतं. मुख्याध्यापक सॅव्हेज यांचं डोकं फिरतं, तर त्यांनाही एक. ॲना तर नायिकाच. स्टेफ मात्र सुरुवातीच्या ‘ब्रेक अवे’पासून कायम कोणाच्या तरी सोबतीनं गाते. अशा सिनेमात एकट्याचं गाणं ज्याला मिळतं, त्याच्या मनात आपल्याला शिरता येतं. स्टेफच्या मनाचं दार तेवढं अर्धवट लोटलेलंच राहतं. सणासुदीला जवळचं माणूस जवळ नाही, यावर एक कडवं तिला द्यायला काय हरकत होती? गीतकारांनी हात आखडता घेतला, हे मी मान्य करते.

पण ज्या घोळक्यात ती गाते, तो घोळका जरा निरखून बघ. स्टेफचं काम करणारी सारा स्वायर हीच या सिनेमाची नृत्यदिग्दर्शिका आहे. ‘हॉलिवूड एंडिंग’ सुरू होतं आणि अख्खं कँटीन नाचायला लागतं, तिथली प्रत्येक गिरकी तिनं बसवलेली. पुढच्या वेळी ते गाणं आवाज बंद करून पाहा. कोपऱ्यातली ही पोरगी मग कोपऱ्यातली वाटत नाही.

आता मला ती का आवडते ते सांगते. स्टेफचे आईबाप सणाला तिला एकटी टाकून परदेशी गेलेत. तिच्या गाडीच्या किल्ल्या मुख्याध्यापकांनी जप्त केल्यात. तिला समाजातल्या प्रश्नांवर लिहायचंय आणि शाळेला ते नकोय. ती तिरसट आहे, पटकन भडकते, आणि स्वतःचं बरोबरच आहे यावर तिचा ठाम विश्वास. म्हणजे सतरा-अठरा वर्षांची चांगली तापट मुलगी. तिची दुखणी पुष्कळ आहेत, पण लेस्बियन असणं हे त्यातलं दुखणं नाही. घरी सांगताना रडारड नाही, बापाची थप्पड नाही, वर्गातली कुजबुज नाही. सॅव्हेजशी तिचं भांडण किल्ल्यांवरून आणि लिखाणावरून.

हे स्कॉटलंडमधल्या शाळेत घडतंय, हे लक्षात घे. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, शाळांत ती कुटुंबव्यवस्था म्हणून स्वीकारार्ह असल्याचं शिकवू नये, असं कलम ब्रिटनमध्ये 1988 साली आलं. स्कॉटलंडनं ते 2000 साली रद्द केलं, इंग्लंड-वेल्सनं 2003 मध्ये. रद्द होऊ नये म्हणून स्कॉटलंडमध्ये तेव्हा मोठी मोहीम चालली, जाहिरातींचे फलक लागले. स्टेफच्या वयाची पोरं नेमकी त्याच सुमारास जन्मलेली. सिनेमा ब्रिटनमधल्या थेटरांत लागला तो नोव्हेंबर 2018 च्या अखेरीस, आणि शाळेच्या अभ्यासक्रमातच हा विषय घेण्याची घोषणा स्कॉटलंडच्या सरकारनं केली तीही त्याच महिन्यात. तेव्हा स्टेफबद्दल कोणी भुवई उंचावत नाही, ही काही आपोआप झालेली गोष्ट नव्हे.

आणि मुख्य म्हणजे ती मरत नाही! पडद्यावरच्या समलैंगिक माणसाला शेवटाआधी मारून टाकायची खोड फार जुनी. हॉलिवूडच्या जुन्या आचारसंहितेत अशी पात्रं उघड दाखवायलाच बंदी होती, आणि ती सैल झाल्यावरही मरण, वेड किंवा तुरुंग ठरलेलाच. 2016 मध्ये ‘द हंड्रेड’ या अमेरिकी मालिकेत लेक्सा या तरुणीला प्रेयसीबरोबरच्या सुखाच्या क्षणानंतर लगेच गोळी लागते, तेव्हा प्रेक्षकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. आपल्याकडेही तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा आठव. 1981 सालच्या मराठी रंगभूमीवर अशी मुलगी उभी करायला छाती लागते, त्याबद्दल नमस्कारच. पण शेवटी मित्राला जीव द्यावाच लागतो.

या सिनेमात तर मरायला निमित्तच निमित्त. ॲनावर मुकाट प्रेम करणारा जॉन जातो. एकमेकांत जीव अडकलेले लिसा आणि ख्रिस जातात. ॲनाचे बाबा जातात. पोटभर प्रेमकथा ज्यांना मिळाल्या, त्यांनाच झॉम्बींनी पोटभर खाल्लं, हे मैत्रिणीला जरूर ऐकव. स्टेफची प्रेयसी पडद्यावर आली असती तर बहुधा तिलाही चावा बसला असता. उरतात तिघं : ॲना, निक आणि स्टेफ. बाहेर जग बुडालंय, आणि शेवटी ते ज्या गाडीतून निघतात, त्या गाडीत लेस्बियन मुलीची जागा पक्की आहे.

ज्याच्या 2010 मधल्या लघुपटावरून हे सगळं सुरू झालं, तो रायन मॅकहेन्री हाडांच्या कर्करोगानं 2015 साली गेला, सत्ताविसाव्या वर्षी. पुढे जॉन मॅकफेलनं दिग्दर्शन केलं. या धिंगाण्यात मरण इतक्या गंभीरपणे का येतं, याचं उत्तर मला तरी तिथे सापडतं. अशा सिनेमात कोणाला जगू द्यायचं, हे कोणी सहज ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

आता भाऊ. ब्रिटनमध्ये याला ‘15’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे थेटरात आठवीतल्या पोराला आत सोडलं नसतं. सीसॉच्या फळीनं स्नोमॅनच्या वेषातल्या झॉम्बीचं मुंडकं उडतं, तिथे तू नुसती हसली असशील, तो कदाचित रात्री दिवा लावून झोपेल. दोन वर्षं थांब. तोवर पेंग्विनांचं रॅप दाखव, ते कोणालाही चालेल. आणि स्टेफबद्दल त्यानं काही विचारलंच, तर जेवढं विचारेल तेवढं सांग. त्याला त्यात तुझ्याएवढं नवल वाटणार नाही.