खानापूरच्या मराठी शाळेत शिकून बेळगावात बी.कॉम. झालो, वर्ष होत आलं तरी नोकरी नाही. बेकारभत्ता मिळेल का?

हो, कर्नाटक सरकारच्या युवानिधी योजनेतून पदवीधराला महिना 3000 रुपये मिळतात, जास्तीत जास्त 2 वर्षं. शाळा मराठी माध्यमाची असल्याने काही अडत नाही. अट आहे ती कर्नाटकचा रहिवासी असण्याची आणि निकालानंतर 180 दिवस बेकार असण्याची. अर्ज राज्य सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर करा. कन्नड वाचायला जड जात असेल तर इंग्रजी निवडा, नाहीतर जवळच्या 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात जा. त्याआधी डिजिलॉकर उघडून विद्यापीठाने तुमची पदवी चढवली आहे ना, ते बघा. पडताळणी तिथूनच होते. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. मात्र एम.कॉम.ला प्रवेश घेतला असेल तर भत्ता मिळत नाही. मंजुरीनंतरही 'अजून बेकार आहे' हे स्वयंघोषणापत्र मुदतीत भरत राहा, नाहीतर पैसे थांबतात.