दशमांश थांबवण्याआधी ते सात लाख मागा

प्रश्न: मी ४३ वर्षांचा, अहिल्यानगर जिल्ह्यात एका खासगी बँकेच्या शाखेत सेल्स अधिकारी. हातात ७८ हजार येतात. मुदत ठेवीसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पॉलिसी लावायची, लॉकर हवा तर पॉलिसी घ्या म्हणायचं, हे ख्रिस्ती म्हणून आता मला जमत नाही. नकार दिला की रविवारी नेमकी उपासनेच्या वेळेला रिव्ह्यू मीटिंग लागते. एका मिशन शाळेत हिशेबनिसाची नोकरी मिळते आहे, पगार ४५ हजार. पत्नीचे शिकवणीचे ८ हजार. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बंधूच्या जुन्या गाड्यांच्या व्यवसायात ७ लाख ठेवलेत (४ बँकेतून, ३ रोख). त्याचे महिना २ टक्क्यांनी १४ हजार गेले १४ महिने न चुकता येतात. माझ्या सांगण्यावरून आणखी चार कुटुंबांनी तिथे पैसे ठेवले. शिल्लक दीड लाखाची एफडी. घरखर्च ३६ हजार, स्टाफ गृहकर्जाचा हप्ता २० हजार (२४ लाख बाकी, १५ वर्षं), टार्गेट भरायला स्वतःच्याच नावावर घेतलेल्या तीन पॉलिसींचे महिन्याला ९ हजार. नव्या पगारात उरतात २ हजार. दशमांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देतो तो) दोन वर्षं थांबवला तर चालेल का?

उत्तर: दशमांश किती आणि कधी द्यायचा हे तुम्ही, तुमची पत्नी आणि तुमचे पाळक (धर्मगुरू) ठरवा. मी एवढंच सांगतो की तुमच्या हिशेबातला भोक पाडणारा आकडा तो नाही. शाळेचे ४५ आणि शिकवणीचे ८, अशा ५३ हजारांवर दशमांश होतो ५ हजार. तुम्हीच विकायला नकार देता त्या पॉलिसींना ९ हजार जातात, आणि मिळकतीत धरलेले १४ हजार ही मुळात मिळकतच नाही.

त्या बंधूपासून सुरुवात करू. महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४. चालत्या, नोंदणीकृत धंद्याला बँक साधारण १२ ते १४ टक्क्यांनी कर्ज देते. हे तुम्हाला, बँकेतल्या माणसाला, मी सांगायला नको. मग हा गृहस्थ २४ का देतो? एक तर बँक त्याला उभं करत नाही, किंवा तुमचे १४ हजार दुसऱ्या कुटुंबाच्या मुद्दलातून येतात. 'न चुकता येतात' हा पुरावा नव्हे. असा गाडा बंद पडण्याच्या आदल्या महिन्यापर्यंत न चुकताच चालतो. आतापर्यंत १ लाख ९६ हजार आले, म्हणजे तुमचेच ५ लाख अजून बाहेर आहेत, असं धरा.

आता न विचारलेलं. काउंटरवर ज्या पॉलिसीमुळे तुमची झोप उडते, तिला निदान ३० दिवसांचा फ्री-लूक (पॉलिसी परत करायची मुदत) असतो, लाभाचा छापील तक्ता असतो, तक्रारीला लोकपाल असतो. मंडळीतल्या चार कुटुंबांना तुम्ही जे सुचवलं त्याला यातलं काहीच नाही. नुसता 'आपला माणूस' हा शिक्का आहे, आणि बँकेत काम करता म्हणून तुमचाही. कमिशन घेतलं नसेल तरी विक्री तुम्हीच केलीत. नियामकाच्या चौकटीबाहेर लोकांकडून ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांच्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात शिवाय ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. उद्या प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेत गेलं तर 'पैसे ठेवा कोण म्हणालं?' याचं उत्तर चारही घरांतून तुमच्या नावाने येईल.

मागणी लेखी करा: पूर्ण मुद्दल, ३० दिवसांत, बँकेतून. व्याज वाढवून देतो, सहा महिने थांबा, यावर होकार नाही. तारीख पाळता येत नसेल तर संपूर्ण ७ लाखांची, रोख ३ लाखांचा वेगळा उल्लेख असलेली सही केलेली कबुली घ्या. आज त्या ३ लाखांचा कागदच नाही. उसने पैसे वसूल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्यातले १४ महिने गेले. मुदतीच्या आत घेतलेली लेखी कबुली ती नव्याने सुरू करते. चेक दिला तर तीन महिन्यांच्या आत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, तिला १५ दिवसांची वाट, आणि पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली की कलम १३८ ची (चेक न वटल्याच्या खटल्याची) धार गेली. मिळालेलं व्याज विवरणपत्रात दाखवलं नसेल तर तेही दुरुस्त करून घ्या.

भावाकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणेल. पौलाने यरुशलेमसाठीची वर्गणी एकट्याने नेली नाही, कुणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून सोबत माणसं घेतली (२ करिंथ ८:२०-२१). पाळकांना त्या बंधूबरोबरच्या बैठकीला बसवा, पण जामीन राहायला सांगू नका.

आता कर्ज. २० हजारांचा हप्ता स्टाफ दराचा आहे, सुमारे ६ टक्के. राजीनाम्यानंतर तो दर सहसा जातो. पावणेनऊ टक्क्यांनी तोच हप्ता २४ हजार. मंजुरीपत्र काढून वाचा, काही ठिकाणी पूर्ण बाकी फेडण्याची अट असते. कर्ज दुसरीकडे हलवायचं तर सध्याच्या पगाराच्या स्लिपा हातात असताना हलवा. बँकेचा आरोग्य विमाही जाईल. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज नोकरी सुटण्याआधीच करा.

पॉलिसींवर फार शाई घालवत नाही. जुन्या दोन पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. सर्वांत नवीनचं एक वर्षाचं प्रीमियम भरून झालं असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार काही सरेंडर मूल्य (पॉलिसी बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळू शकतं. कंपनीकडून पेड-अप आणि सरेंडर, दोन्ही आकडे लेखी मागवा. पाच-साडेपाच टक्के परताव्यासाठी हे ओझं ओढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ५० लाखांचा टर्म (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा, दोन्ही मिळून महिना ४ हजार धरा.

म्हणजे खरा हिशेब असा: येणार ५३. जाणार ३६, २४ आणि ४, म्हणजे ६४. तूट ११ हजार, दशमांश न देताच. दोन वर्षं तो थांबवूनही ४५ हजारांत घर चालत नाही. ७ लाख परत आले तर ५ लाख कर्जात भरा, हप्ता १९ वर येईल. उरलेले २ आणि एफडीचे दीड मिळून सहा महिन्यांचा खर्च झाला. मग तुमचा पगार ५८ हजार असला की साडेसहा हजारांच्या दशमांशासकट भागतं. पैसे आले नाहीत तर ६३-६४ लागतील.

तेव्हा शाळेला लगेच होकार देऊ नका. पतपुरवठा, ऑडिट, ऑपरेशन्स अशा टेबलांवर टार्गेट नसतं किंवा कमी असतं. तुमच्या बँकेत बदलीचा लेखी अर्ज करा, सहकारी बँकांतही पाहा. तोवर लॉकरसाठी पॉलिसी लावा असं सांगितलं की 'ही अट आहे का, कृपया लेखी कळवा' एवढा ईमेल टाका. उत्तर येणार नाही, आणि तेच तुम्हाला हवं आहे. मीटिंगला दुपारनंतरची वेळही ईमेलवरच मागा.

हे सगळं करण्याआधी मात्र त्या चार घरी जा. तुमची नोटीस पोहोचल्यावर त्यांना कळलं तर तुम्ही आपले पैसे आधी काढून घेतले असाच अर्थ होईल. पाचही मागण्या एकाच दिवशी जाऊ द्या.