माझं इलेक्ट्रिक आरसी विमान हातातून सोडलं की नाक वर करतं, डगमगतं आणि खाली आपटतं. मोटर तर जोरात फिरते. काय चुकत असेल?

तुम्ही सांगताय त्यावरून विमान शेपटीकडे जड आहे असं वाटतं. मोटरची ताकद वाढवून हे सुटणार नाही, आधी तोल बघा.

साध्या सरळ पंखाच्या ट्रेनर विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या (पुढून मागे मोजलेल्या) २५ ते ३३ टक्क्यांवर असावा लागतो. रुंदी २० सेंमी असेल तर ५ ते साडेसहा सेंमी. सोबतच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा. पंखाखाली दोन्ही बाजूंना तिथे खूण करा, बॅटरी आत बसवा (रिकाम्या विमानाचा तोल बघून काही उपयोग नाही) आणि खुणांवर दोन बोटांनी उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा आणि वेल्क्रोने घट्ट बांधा. शिशाचं वजन लावणं हा अगदी शेवटचा उपाय.

मग मोटरवरचा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा आणि सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) तपासा. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर यायला हवं, स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर. पंखा परत लावताना अक्षरं कोरलेली बाजू पुढे ठेवा. उलटा बसला तर आवाज तेवढाच येतो, ओढ मात्र निम्मी वाटते.

सोडताना वाऱ्याच्या समोर तोंड करून आडवं, सरळ ढकला. वरच्या दिशेने फेकू नका, वेग मिळायच्या आत ते स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली पडतं.