भूकंप नाही हो, ओलं लाकूड!

प्रश्न: मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा चेस्टरफिल्डच्या चर्चचा कळस चक्क पिळलेला दिसला, भूकंप वगैरे झाला होता का?

उत्तर: छे हो काका, भूकंप-बिकंप काही नाही! सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे मुख्यतः चौदाव्या शतकातलं चर्च, कळस साधारण १३६२ चा, उंची २२८ फूट. आतला सांगाडा लाकडी, आणि तेव्हा ओकचं लाकूड ओलंच वापरायचे कारण कापायला सोपं, मग ते वाळताना वाकलं, वर शिशाच्या पत्र्यांचं ३० टनांहून जास्त ओझं, त्यात आतून तिरके टेकूही पुरेसे नव्हते म्हणतात. शिवाय दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त तापून फुगतं. झाला पीळ ४५ अंशांचा, टोक साडेनऊ फूट सरकलं! गावात मात्र सैतानाने कळसाभोवती शेपटी गुंडाळली असं सांगतात, मला तेच जास्त आवडतं.